सीमाभागात दवाखाना चालवताना: डॉक्टर आणि परिचारिकांना पडणारे कायद्याचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी या भागातल्या दवाखान्यांत येणारा पेशंट अनेकदा मराठी बोलतो, पोलीस कागद कन्नडमध्ये लिहितात आणि वकील इंग्रजीत बाजू मांडतो. त्यात पेशंट चंदगड-गडहिंग्लजचा असला की कोणत्या राज्याचा नियम लागू, असा गोंधळ होतो. ढोबळ सूत्र असे: उपचार जिथे झाले तिथल्या राज्याचा कायदा. फौजदारी, ग्राहक संरक्षण, गर्भपात, लिंगनिदानबंदी आणि बालसंरक्षण हे केंद्राचे कायदे आहेत, ते दोन्हीकडे एकच. दवाखान्याची नोंदणी, कोणत्या पदवीवर कोणती औषधे देता येतात, कोणते आजार कळवायचे आणि डॉक्टरांवरील हल्ल्यांबद्दलचा कायदा यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र वेगळे पडतात.

माझी नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे. निपाणीत प्रॅक्टिस सुरू करू का?

आधी कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करा. जुन्या कौन्सिलचे ना-हरकत पत्र, पदवी आणि इंटर्नशिपचे दाखले लागतात. ना-हरकत यायला वेळ लागतो, म्हणून जागा भाड्याने घेण्याआधी अर्ज टाकलेला बरा. दवाखान्याच्या नोंदणीच्या वेळी इथला क्रमांक मागतात आणि तिथेच बहुतेकांचे काम अडते.

नोंदणी नसताना वैद्यकी करणे हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ च्या कलम ३४ खाली गुन्हा आहे: १ वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मुख्यतः बोगस डॉक्टरांसाठी आहे, पण नोंदणीची मुदत संपून गेलेल्या माणसाला तक्रार झाल्यावर स्वतःची बाजू मांडणे फार जड जाते. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर, दाखल्यांवर आणि पावतीवर छापलेला हवा.

दवाखाना दोनच खोल्यांचा आहे. तरी केपीएमई लागू होतो का?

होतो. कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा २००७, म्हणजेच केपीएमई, बेड नसलेल्या क्लिनिकलाही लागतो, लॅबलाही आणि आयुर्वेद-होमिओपॅथीच्या दवाखान्यालाही. अर्ज जिल्हा नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाकडे जातो. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, कागदाचे काम जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून चालते. नोंदणी ५ वर्षांची असते. महाराष्ट्रातला १९४९ चा नर्सिंग होम कायदा इथे चालत नाही. त्यामुळे कागलमध्ये रुग्णालय असलेल्याने कोगनोळीच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकच्या हद्दीत, दुसरी शाखा काढली, तर तिची नोंदणी स्वतंत्र.

नोंदणीचा दाखला आणि दरपत्रक दर्शनी जागी लावा. कर्नाटकच्या भाषा कायद्याप्रमाणे पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये हवा. उरलेल्या जागेत मराठी घाला, पेशंटला डॉक्टरची वेळ आणि फी वाचता आली पाहिजे.

महाराष्ट्रात होमिओपॅथी आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांना ॲलोपॅथीची मुभा आहे. ती इथे चालते का?

नाही. अशी मुभा प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने देते आणि ती त्या राज्याच्या हद्दीतच चालते. महाराष्ट्राच्या आदेशाची प्रत भिंतीवर लावून बेळगाव जिल्ह्यात प्रतिजैविकांची इंजेक्शने देणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पूनम वर्मा प्रकरणात सांगितले की, होमिओपॅथीच्या डॉक्टरने अधिकार नसताना ॲलोपॅथीचे उपचार केले तर तीच मुळात निष्काळजी आहे. मग औषध बरोबर होते की चूक, या वादात न्यायालय शिरतही नाही.

फौजदारी बाजूही बघून ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकाकडून उपचार करताना तसे घडले तर कमाल २ वर्षे. पण ‘नोंदणीकृत वैद्यक’ची व्याख्या त्याच कलमाखाली दिली आहे आणि ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या पदवीवर व नोंदवहीवर बेतलेली आहे. आयुषच्या, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या, पदव्या त्या व्याख्येत बसत नाहीत.

संमतीपत्रावर नवऱ्याची किंवा मुलाची सही घेतली तर पुरे का?

पुरे नाही. पेशंट १८ वर्षांवरचा आणि शुद्धीत असेल तर सही त्याचीच. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून घ्या.

हा मुद्दा न्यायालयात अगदी सरळ सुटलेला आहे. समीरा कोहली प्रकरणात (२००८) पेशंटने दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले गेले. हेतू वाईट नव्हता, तरी सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती नव्हे आणि शुद्धीवर येऊन उत्तर देऊ शकणाऱ्या पेशंटऐवजी दुसऱ्या कोणी संमती देऊ शकत नाही. ऑपरेशन वाढण्याची शक्यता असेल तर ती आधीच सांगा आणि लिहून घ्या.

छापील फॉर्मवर ‘सर्व धोके समजावले’ असे असते. त्याला फारशी किंमत राहत नाही, कारण काय समजावले हे त्यातून कळत नाही. फॉर्मच्या खाली हाताने चार ओळी लिहाव्यात. उदाहरणार्थ:

‘हर्नियाचे ऑपरेशन, जाळी बसवणार. कमरेखाली भूल. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुन्हा हर्निया होणे, लघवी तुंबणे हे धोके सांगितले. ऑपरेशन न केल्यास आतडे अडकू शकते हेही सांगितले. पट्टा वापरण्याचा पर्याय सांगितला. हे सर्व मराठीत सांगितले. पेशंटने विचारले: शेतीकाम कधी? उत्तर दिले: जड वजन ३ महिने नाही.’

पेशंटने विचारलेला प्रश्न त्यात आला की संवाद खरोखर झाला होता हे आपोआप दिसते.

पेशंटला फक्त मराठी येते आणि फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत आहे. मग?

मराठी फॉर्म ठेवा. संमती पेशंटला कळणाऱ्या भाषेत हवी, राज्यकारभाराची भाषा इथे आड येत नाही. न्यायालयात लागलाच तर अनुवाद जोडता येतो. डॉक्टरला मराठी येत नसेल आणि नर्सने सांगितले असेल, तर ‘मी वरील मजकूर पेशंटला मराठीत समजावून सांगितला’ असे लिहून त्या नर्सचे नाव, सही, वेळ घ्या. पेशंटसोबत आलेल्या लहान मुलाला दुभाषा करू नका. अंगठा घेतल्यास तो कोणाचा व कोणत्या हाताचा हे खाली लिहा आणि दोन साक्षीदार घ्या, त्यातला एक रुग्णालयाबाहेरचा असेल तर उत्तम.

बेशुद्ध पेशंट आणला, नातेवाईक नाहीत. थांबायचे का?

थांबायचे नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार संमतीविना करता येतात, न्याय संहितेच्या कलम ३० चे संरक्षण आहे. शक्य असल्यास दुसऱ्या डॉक्टरचे मत घेऊन ‘थांबल्यास जीवाला धोका’ असे दोघांनी वेळेसह लिहावे. पैसे भरलेले नाहीत, पोलीस आलेले नाहीत, पेशंट दुसऱ्या राज्याचा आहे, यातले कोणतेही कारण चालत नाही. परमानंद कटारा प्रकरणापासून (१९८९) हे पक्के आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही अपघातग्रस्ताला तत्काळ उपचार देणे हे डॉक्टरचे कर्तव्य म्हटले आहे. अपघातातल्या माणसाला घेऊन येणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करू नका.

सोय नसेल तर रेफर करा, पण श्वासमार्ग, रक्तस्राव, सलाईन एवढे करून. पुढच्या रुग्णालयाला फोन केल्याची वेळ आणि बोललेल्याचे नाव चिठ्ठीवर लिहा. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून बेळगाव गाठायला वेळ लागतो, त्या वेळात काय घडले याचा हिशेब नंतर मागितला जातो.

एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) कोणत्या केसची करायची? घटना कागलजवळ घडली आणि पेशंट निपाणीत आला, तर कोणत्या पोलिसांना कळवायचे?

अपघात, मारहाण, भाजणे, विषबाधा, गळफास, बुडणे, संशयास्पद गर्भपात, लैंगिक अत्याचार, बेशुद्धीचे कारण न कळणे, आणताच मृत. ‘पडला’ असे नातेवाईक सांगतात आणि जखम तशी दिसत नाही, तेव्हाही. पेशंट किंवा नातेवाईक ‘नको’ म्हणाले तरी एमएलसी थांबत नाही, ती त्यांच्या संमतीवर अवलंबून नाही.

कळवायचे आपल्या रुग्णालयाच्या हद्दीतल्या ठाण्याला. घटना महाराष्ट्रात घडली असली तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याला शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवता येतो. ‘आमच्या हद्दीत नाही’ असे उत्तर आले तरी तुमचा कागद त्यांच्याकडे पोचलेला असला पाहिजे. लेखी सूचना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नुसता फोन केला असेल तर ठाण्यातल्या माणसाचे नाव, बक्कल नंबर आणि वेळ रजिस्टरला लिहा.

एमएलसीच्या कागदात ओळखीच्या दोन खुणा, कोणी आणले, पेशंटने सांगितलेली हकिकत त्याच्याच शब्दांत, प्रत्येक जखमेची लांबी-रुंदी, जागा, कडा, रंग. ‘डोक्याला मार’ हे वर्णन नव्हे. ‘उजव्या कानाच्या वर ३ सेंमी, ४ बाय १ सेंमी, हाडापर्यंत, कडा ठेचलेल्या’ हे वर्णन. कोणी मारले हे ठरवू नका, ‘पेशंटच्या सांगण्याप्रमाणे’ असे लिहा. विष प्यायलेल्याचे पोटातले पाणी, फाटलेले कपडे सील करून पोलिसांना द्या आणि पावती घ्या.

विष घेतलेल्या पेशंटला ‘आता तुझ्यावर केस’ असे कोणी भीती घालू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते. एमएलसी मात्र करायचीच.

भाजलेल्या बाईचा मृत्युपूर्व जबाब मराठीत लिहिला तर चालतो?

चालतो, आणि तोच चांगला. ती ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत, तिच्याच शब्दांत. कन्नड कागदावर दुसऱ्याने केलेला गोषवारा हा उलटतपासणीत पहिला फाटतो. तहसीलदारांना बोलवा, पण प्रकृती ढासळत असेल तर डॉक्टरनेही लिहून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये लक्ष्मण प्रकरणात डॉक्टरचा दाखला नसला म्हणून जबाब आपोआप फेटाळला जात नाही असे म्हटले, तरी दाखला असला की वाद उरत नाही. जबाब सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा ‘पेशंट शुद्धीवर आहे, बोलण्यास सक्षम आहे’ असे वेळ घालून लिहा. आधी कोणते वेदनाशामक किती वाजता दिले हेही नोंदवा, कारण ‘गुंगीत होती’ हा बचावाचा ठरलेला मुद्दा असतो. नातेवाइकांना, सासरच्या आणि माहेरच्या दोघांनाही, खोलीबाहेर काढा. ‘नवऱ्याने पेटवले का?’ असे विचारू नका, ‘काय झाले?’ एवढेच विचारा.

१७ वर्षांची विवाहित मुलगी बाळंतपणासाठी आली. घरचे म्हणतात, लग्न झालंय, कशाला पोलीस?

कळवावेच लागते. १८ खालच्या मुलीशी शरीरसंबंध पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि लग्न झाल्याने तो सुटत नाही. कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचे असते. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाला १ वर्षापर्यंत. ऊसतोडीच्या हंगामात टोळीबरोबर आलेल्या मुलींच्या बाबतीत हे वारंवार समोर येते आणि ‘उद्या गावी जाणार आहेत’ म्हणून कागद केला जात नाही. नंतर गावी गुंतागुंत झाली की पहिल्या सोनोग्राफीची तारीख बघून चौकशी तुमच्यापर्यंत येते.

मुलीला धीर द्या, उपचार आधी. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची, पालक किंवा तिचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ हवी. कोणीच नसेल तर रुग्णालय प्रमुखाने नेमलेली स्त्री. मुलीला गर्भपात हवा असेल तर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे, मुलगी आणि पालकांनी विनंती केल्यास कलम १९ च्या सूचनेत तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. सूचना मात्र द्यायचीच.

बलात्कारपीडितेला खासगी रुग्णालयानेही मोफत प्रथमोपचार आणि उपचार द्यायचे आहेत. नाकारल्यास न्याय संहितेच्या कलम २०० खाली १ वर्षापर्यंत कैद.

गर्भपातासाठी नवऱ्याची सही हवी का?

नको. १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते, लग्न झालेले असो वा नसो. अल्पवयीन किंवा मानसिक आजारी असेल तर पालकाची लेखी संमती. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत, २० ते २४ आठवडे ठरावीक गटांसाठी दोघांचे, २४ नंतर गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ. गर्भपात केंद्र मान्यताप्राप्त हवे आणि त्या स्त्रीचे नाव बाहेर फुटले तर १ वर्षापर्यंत कैद.

पोर्टेबल सोनोग्राफी मशीन दोन दवाखान्यांत फिरवता येते का?

नाही. लिंगनिदानबंदी कायद्याप्रमाणे मशीन ज्या जागेवर नोंदले आहे तिथेच राहते. एका जिल्ह्यात एका डॉक्टरला जास्तीत जास्त दोन केंद्रांवर नोंदणी मिळते. गाडीच्या डिकीत मशीन घालून सीमा ओलांडणे हा सर्वांत मोठा संशय, मग तपासणी कितीही प्रामाणिक असो.

फॉर्म एफ, म्हणजे गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म, त्याच वेळी पूर्ण भरा. पत्ता ‘बेळगाव’ एवढाच, तपासणीचे कारण कोरे, पेशंटची सही राहिलेली, या चुका कारकुनी म्हणून माफ होत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. कागद किमान २ वर्षे ठेवा, आणि केस चालू असेल तर ती संपेपर्यंत. लिंग सांगितले जात नाही ही पाटी इंग्रजी व स्थानिक भाषांत लागते. मराठी पाटीही लावा.

सर्पदंश आणि क्षयरोग कळवायचे असतात का?

दोन्ही. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंश अधिसूचित केला, दंश आणि मृत्यू दोन्ही आरोग्य खात्याला कळवायचे, खासगी दवाखान्यानेही. जांबोटी-कणकुंबीकडच्या डॉक्टरांनी हे रजिस्टर वेगळेच ठेवावे. मृत्यू झाल्यास पोस्टमार्टेम टाळू नका, घरच्यांची भरपाई त्या कागदावर अडते. क्षयरोग २०१२ पासून देशभर अधिसूचित आहे, नोंद सरकारच्या निक्षय पोर्टलवर करायची.

उपचाराचा परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजी झाली का? पोलीस अटक करतील?

नाही. त्या परिस्थितीत साधारण कुशल डॉक्टरने जे केले असते ते केले होते का, एवढे बघितले जाते. दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली आणि यश आले नाही, ही निष्काळजी नव्हे. फौजदारी गुन्ह्याला त्याहून पुढचे, घोर दुर्लक्ष लागते. जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपास अधिकाऱ्याने आधी त्या शाखेतल्या निष्पक्ष, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावे आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये.

पोलीस मूळ केसपेपर मागायला आले तर अडवू नका. लेखी मागणी घ्या, प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा, पानांना क्रमांक घाला आणि महजरची (पंचनाम्याची) प्रत मागा. त्या रात्री केसपेपरला एक शब्दही जोडू नका. काही राहिले असेल तर ‘नंतर केलेली नोंद’ म्हणून त्या दिवसाची तारीख-वेळ घालून वेगळी लिहा. खाडाखोड करायची तर एक रेघ, सही, तारीख. व्हाइटनर लावलेला कागद खरे लिहिलेले असले तरी खोटा दिसतो.

चंदगडच्या पेशंटने कोल्हापूरच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. उपचार तर बेळगावात झाले होते.

करू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात जाता येते. त्यामुळे ‘हद्द आमची नाही’ म्हणून नोटीस बाजूला टाकू नका. लेखी म्हणणे ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांनंतर आयोगाला मुदत वाढवण्याचा अधिकारच नाही, आणि चांगली बाजू असलेले डॉक्टर इथेच हरतात. पाकीट आले त्या दिवशी त्यावर तारीख घाला, विमा कंपनीला लेखी कळवा, पेशंटच्या घरी फोन करून तडजोड सुरू करू नका. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे.

नातेवाईक केसपेपरची प्रत मागतात. द्यायची का?

पेशंटला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला ७२ तासांत, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. बिल थकले असले तरी. आंतररुग्णांचे कागद किमान ३ वर्षे ठेवायचे, पण लहान मुले आणि एमएलसीचे त्याहून बरेच जास्त ठेवा. पेशंटच्या पत्राशिवाय कंपनी, सोयरे किंवा गावपुढारी यांना काहीही नको. एचआयव्हीचा अहवाल तर वॉर्डच्या फळ्यावर किंवा केसपेपरच्या कव्हरवर लाल शाईनेही लिहू नये.

रात्री डॉक्टर फोनवर औषध सांगतात. नर्सने द्यावे का?

औषध, मात्रा, मार्ग ऐकून परत वाचून दाखवावे, डॉक्टरचे नाव व वेळ लिहून द्यावे, सकाळी डॉक्टरची सही घ्यावी. चुकीची मात्रा वाटली तर विचारणे ही नर्सची जबाबदारीच आहे. ‘मला सांगितलं म्हणून दिलं’ हे उत्तर पुरत नाही आणि रुग्णालयही तिच्या चुकीला जबाबदार धरले जाते.

मृत्यूचा दाखला देताना काय चुकते?

‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ हे कारण लिहिले जाते. ते मरणाचे स्वरूप झाले, कारण नव्हे. ‘जुना मधुमेह, त्यातून मूत्रपिंड निकामी’ असा क्रम लिहा. रुग्णालयात फॉर्म ४, घरी ४ए, पैसे न घेता. स्वतः उपचार केले नसतील किंवा संशय असेल तर दाखला देऊ नका, पोलिसांना कळवा. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे, २१ दिवसांत. खानापूरचा माणूस कोल्हापुरात वारला तर दाखला कोल्हापूरचा.

बिल बाकी आहे म्हणून मृतदेह रोखता येतो का? आणि जमाव चालून आला तर?

मृतदेह रोखता येत नाही, केपीएमईतच तसे आहे. बिल नंतर कायदेशीर मार्गाने वसूल करा. दंगा बहुतेक वेळा याच क्षणी पेटतो. हल्ला झाल्यास कर्नाटकचा २००९ चा कायदा आहे: गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. तक्रार डॉक्टरच्या नावाने नव्हे, रुग्णालयाच्या लेटरहेडवर त्याच रात्री द्या. सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी वेगळे काढा. पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

जैविक कचऱ्याचे काय?

कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, छोट्या क्लिनिकलाही. पिवळी, लाल, पांढरी, निळी असे वेगळे डबे, बारकोड, ४८ तासांवर साठवण नाही, वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. सुया पांढऱ्या, न टोचता येणाऱ्या डब्यात. गाडीवाल्याची पावती रोजच्या रोज चिकटवून ठेवा.